पूर्वप्राथमिक शिक्षण सर्वांना, पण खर्च कोणाचा? फरीदाबादच्या निमित्ताने एका राष्ट्रीय प्रश्नाची पार्श्वभूमी

फरीदाबाद : हरियाणात इयत्ता पहिलीच्या प्रवेशासाठी किमान वय २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून सहा वर्षे ठरविण्यात आले. त्यापूर्वी पाच-साडेपाच वर्षांच्या मुलालाही पहिलीत प्रवेश मिळत असे. वयाची ही अट राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाशी सुसंगत असून तिच्यामागील शैक्षणिक कारणेही सर्वमान्य आहेत. मात्र तिच्यामुळे एक जुना प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला आहे. पहिलीपूर्वीचे जे वर्ष मुलाच्या वाट्याला अधिकचे आले, ते त्याने कोठे घालवावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा? पहिलीपासून आठवीपर्यंतचे शिक्षण विनामूल्य देणे हे शासनाचे कायदेशीर कर्तव्य आहे. त्याआधीच्या तीन वर्षांबाबत असे कोणतेही बंधन शासनावर नाही.

फरीदाबादसारख्या कामगारनगरीत हा प्रश्न अधिक तीव्रतेने जाणवतो. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून येथे नवे औद्योगिक नगर वसविण्यात आले. आज ‘एनआयटी’ या नावाने ओळखला जाणारा शहराचा भाग तो हाच. पुढे ट्रॅक्टर, टायर, पादत्राणे, यंत्रसामग्री यांचे कारखाने उभे राहिले. १५ ऑगस्ट १९७९ रोजी गुडगाव जिल्ह्यातून फरीदाबाद हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक, तर शहराची १४ लाखांहून अधिक होती. उत्तर प्रदेश, बिहार आणि इतर राज्यांतून आलेल्या कामगारांच्या वसाहती येथे मोठ्या संख्येने आहेत. आई-वडील दोघेही कामावर जाणाऱ्या या कुटुंबांपुढे तीन पर्याय असतात. एक म्हणजे अंगणवाडी, दुसरा शुल्क आकारणारी खासगी ‘प्ले-वे’ शाळा आणि तिसरा म्हणजे लहान भावंडाला सांभाळण्यासाठी मोठ्या मुलीला घरी ठेवणे.

राज्यघटना काय सांगते?

मूळ राज्यघटनेच्या अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षे वयापर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व होते. त्यात वयाची खालची मर्यादा दिलेली नव्हती. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला मूलभूत हक्काचे स्वरूप दिले, तेव्हाही ती नव्हती.

ही मर्यादा २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आली. या दुरुस्तीने अनुच्छेद २१-क अंतर्भूत करून ६ ते १४ वर्षे वयोगटासाठी शिक्षण हा मूलभूत हक्क केला. त्याच वेळी अनुच्छेद ४५ ची शब्दरचना बदलण्यात आली. सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना संगोपन व शिक्षण मिळावे यासाठी राज्य प्रयत्नशील राहील, असे त्यात नमूद झाले. परिणामी सहा वर्षांवरील मूल न्यायालयात दाद मागू शकते. सहा वर्षांखालील मुलाच्या वाट्याला मार्गदर्शक तत्त्व आले, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाता येत नाही.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानेही हीच रेषा कायम ठेवली. कायद्याच्या कलम ११ नुसार तीन वर्षांवरील बालकांना मोफत पूर्वशालेय शिक्षण देण्याची आवश्यक व्यवस्था शासन ‘करू शकेल’. ती ‘करील’ असे कायदा म्हणत नाही. या एका क्रियापदामुळे गेली अनेक वर्षे या वयोगटाचे शिक्षण शासनाच्या इच्छेवर व आर्थिक कुवतीवर अवलंबून राहिले आहे. न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मधील आपल्या २५९ व्या अहवालात कलम ११ बंधनकारक करावे आणि बालकांच्या संगोपन व शिक्षणाच्या हक्कासाठी राज्यघटनेत अनुच्छेद २४-क समाविष्ट करावा, अशी शिफारस केली होती. या शिफारशीचे कायद्यात रूपांतर झालेले नाही.

याच कायद्यातील आणखी एक तरतूद या संदर्भात महत्त्वाची आहे. विनाअनुदानित खासगी शाळांनी दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी २५ टक्के जागा राखून ठेवाव्यात, असे कलम १२ सांगते. एखादी शाळा पूर्वप्राथमिक वर्ग चालवीत असेल, तर ही तरतूद त्या वर्गांनाही लागू होते. म्हणजे खासगी शाळेतील शिशुवर्गाचा खर्च शासनाने उचलण्याची सोय कायद्यात आहे, परंतु शासकीय शाळेत तसा वर्ग असलाच पाहिजे असे बंधन नाही.

अंगणवाडीचा महाराष्ट्रातील वारसा

लहान मुलांच्या शिक्षणासाठी सार्वजनिक व्यवस्था हवी हा विचार देशात नवा नाही, आणि त्याचे एक उगमस्थान महाराष्ट्रात आहे. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये भावनगर येथे नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. माँटेसरी पद्धत भारतीय परिस्थितीत आणि अल्प खर्चात राबविण्याचा त्यांचा प्रयत्न होता. १९४५ मध्ये ताराबाईंनी आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येत नाहीत, असे लक्षात आल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्याचा मार्ग या दोघींनी स्वीकारला. त्यातूनच ‘अंगणवाडी’ ही कल्पना रुजली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे कार्य विस्तारले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, तर अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देऊन केंद्र शासनाने गौरविले.

केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. त्यांत महाराष्ट्रातील धारणी व धारावी आणि हरियाणातील कथुरा यांचा समावेश होता. या योजनेने अंगणवाडीचे नाव देशभर नेले, पण तिचा आशय बदलला. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा एका सेविकेवर व एका मदतनीसावर सोपविण्यात आल्या. कोसबाडच्या अंगणवाडीत केंद्रस्थानी असलेले शिक्षण सहा कामांपैकी एक झाले. कुपोषणाचे संकट लक्षात घेता आहाराला दिलेले प्राधान्य समजण्याजोगे होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतही पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. आर्थिकदृष्ट्या पुढारलेल्या हरियाणात हे प्रमाण २७.५ टक्के होते.

अंगणवाडी ही केवळ दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी आहे, हा समज कायद्याच्या दृष्टीने चुकीचा आहे. अन्नाच्या हक्काबाबतच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये या सेवेसाठी दारिद्र्यरेषेचा निकष लावू नये, असे स्पष्ट केले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात देशात १४ लाख अंगणवाड्या उभारण्यास आणि सहा वर्षांखालील ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी देण्यास सांगितले. त्यामुळे ‘शासनाने सर्व मुलांसाठी खर्च करावा का’ या प्रश्नाचे उत्तर आहार व आरोग्यापुरते न्यायालयाने पूर्वीच दिले आहे. वाद उरतो तो शिक्षणाबाबत.

पैसा कशावर खर्च होतो?

सध्या ही योजना ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ या नावाने राबविली जाते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २१,९६० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. सर्वसाधारण राज्यांत खर्चाची विभागणी केंद्र ६० व राज्य ४० टक्के अशी असून पूरक पोषण आहाराचा खर्च निम्मा-निम्मा वाटला जातो. अंगणवाड्यांची संख्या १४ लाखांच्या जवळपास आहे.

एकूण आकडा मोठा वाटला, तरी एका मुलाच्या वाट्याला येणारी रक्कम पाहिल्यास चित्र वेगळे दिसते. २०१७ च्या सुधारित दरानुसार सर्वसाधारण बालकाच्या आहारासाठी दिवसाला ८ रुपये ठरविण्यात आले. वर्षातील ३०० दिवसांचे ते २,४०० रुपये होतात. पूर्वशालेय शिक्षणाच्या साहित्यसंचासाठी प्रत्येक अंगणवाडीला वर्षाला ५,००० रुपये मिळतात. एका केंद्रात २५ मुले धरली, तर ही रक्कम प्रत्येक मुलामागे वर्षाला २०० रुपये होते. शिकविणाऱ्या व्यक्तीचे मानधन हा तिसरा घटक. केंद्र शासनाने १ ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेसाठी दरमहा ४,५०० व मदतनीसासाठी २,२५० रुपये निश्चित केले. त्यात राज्ये आपापल्या कुवतीप्रमाणे भर घालतात, आणि हरियाणाची भर इतर अनेक राज्यांपेक्षा अधिक आहे.

तरीही सेविका शासकीय कर्मचारी मानल्या जात नाहीत. त्यांना वेतन नव्हे, मानधन मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधील एका प्रकरणात अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदान अधिनियमाच्या लाभास पात्र असल्याचा निर्णय दिला. या निर्णयात पूर्वशालेय शिक्षण देण्याची त्यांची जबाबदारीही विचारात घेण्यात आली होती. हरियाणात डिसेंबर २०२१ पासून सेविका व मदतनीसांनी अनेक महिने संप केला. महाराष्ट्रात ४ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झालेला संप जानेवारी २०२४ च्या अखेरीस मिटला. मानधनवाढ, उपदान व निवृत्तिवेतन हे मागण्यांचे समान सूत्र होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण याच सेविकेकडे बालशिक्षिका म्हणून पाहते. शिक्षिकेचे काम आणि स्वयंसेविकेचा दर्जा यांतील हे अंतर भरून काढणे, हा सार्वत्रिक पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या खर्चातील सर्वांत मोठा भाग ठरण्याची शक्यता आहे.

हरियाणाचे प्रयत्न, फरीदाबादच्या अडचणी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ५+३+३+४ अशी रचना मांडून तीन ते आठ वर्षे वयाचा पायाभूत टप्पा एकसंध मानला. २०३० पर्यंत पूर्वप्राथमिक शिक्षण सार्वत्रिक करण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. हरियाणाने हे धोरण २०२५ पर्यंतच राबविण्याचा मनोदय जाहीर केला होता. राज्याने चार हजार अंगणवाड्यांचे ‘प्ले-वे’ शाळांत रूपांतर करण्याची घोषणा केली, तसेच शासकीय शाळांत बालवाटिका सुरू करण्याची भूमिका घेतली. केंद्रीय विद्यालयांनीही २०२२-२३ पासून निवडक ठिकाणी बालवाटिकेचे वर्ग सुरू केले. ‘पोषण भी, पढाई भी’ हा केंद्राचा उपक्रम १० मे २०२३ रोजी सुरू झाला आणि अंगणवाडीत दररोज किमान दोन तास शिक्षणासाठी देण्यावर त्यात भर देण्यात आला. तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ हा राष्ट्रीय अभ्यासक्रमही आखण्यात आला.

दोन तासांची ही तरतूद कामगार आईच्या दृष्टीने अपुरी पडते. अंगणवाडी दुपारी बंद होते आणि कारखान्याची पाळी संध्याकाळी सुटते. त्यामुळे औद्योगिक शहरात पूर्वप्राथमिक शिक्षण आणि पाळणाघर हे दोन प्रश्न वेगळे करता येत नाहीत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ३० पेक्षा अधिक महिला कामगार असलेल्या कारखान्यांत पाळणाघराची सक्ती केली होती. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाही ती लागू केली. परंतु घरकाम, घरबसल्या सुट्या भागांची जुळणी, लहान कार्यशाळा किंवा बांधकामावरील रोजंदारी करणाऱ्या स्त्रिया या तरतुदींच्या बाहेर राहतात. अशा मुलांसाठी राजधानी परिसरात पहिले संघटित काम १९६९ मध्ये झाले. दिल्लीतील बांधकामाच्या जागी मजुरांची मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था सुरू केली. हरियाणाने २०२२ मध्ये स्वतंत्र पाळणाघर धोरण स्वीकारले आणि ५०० पाळणाघरांचे उद्दिष्ट ठेवले.

शहरातील दुसरी अडचण जागेची आहे. खेड्यात अंगणवाडीला ग्रामपंचायतीची जागा किंवा शाळेचे आवार मिळू शकते. दाट वस्तीत ती भाड्याच्या एका खोलीत चालते, आणि तेथे खेळायला अंगण नसते. तिसरी अडचण स्थलांतराची. अरवलीच्या वनजमिनीवरील खोरी गाव ही वसाहत सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२१ च्या आदेशानंतर हटविण्यात आली. तेथे सुमारे दहा हजार घरे होती. वस्ती उठली की तिच्यातील मुलांची नोंद, आहार व शिक्षण यांचा धागाही तुटतो. ठिकाणाशी बांधलेली योजना फिरत्या कुटुंबापर्यंत पोहोचत नाही, आणि सर्वाधिक गरज नेमकी याच कुटुंबांना असते.

अभ्यास काय सांगतात?

पूर्वप्राथमिक शिक्षणावरील खर्च दीर्घकाळ परतावा देतो, या मताचा आधार म्हणून अमेरिकेतील पेरी प्रीस्कूल प्रयोगाचा उल्लेख नेहमी होतो. मिशिगन राज्यातील इप्सिलांटी येथे १९६२ पासून १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांवर तो करण्यात आला. ज्यांना हे शिक्षण मिळाले, त्यांची प्रौढपणी कमाई अधिक व गुन्ह्यांत अडकण्याचे प्रमाण कमी आढळले. नोबेल विजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी या निष्कर्षांचे विश्लेषण करून बालवयातील गुंतवणुकीचा आग्रह धरला.

मात्र हा प्रयोग लहान होता आणि त्यातील शिक्षक सुप्रशिक्षित होते. योजना मोठ्या प्रमाणावर राबविताना दर्जा घसरला, तर परिणाम उलटही होऊ शकतात. अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या पूर्वप्राथमिक कार्यक्रमातील मुले सहावीपर्यंत इतरांच्या मागे पडल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. कॅनडातील क्विबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर शुल्काची सार्वत्रिक बालसंगोपन योजना सुरू केली. तिच्यामुळे नोकरी करणाऱ्या मातांची संख्या वाढली, परंतु काही मुलांच्या वर्तनावर प्रतिकूल परिणाम झाल्याचे अर्थशास्त्रज्ञांनी नोंदविले.

भारतासाठी अधिक उपयुक्त पुरावा तमिळनाडूतून आला. तेथील चार जिल्ह्यांतील ३२० अंगणवाड्यांपैकी काहींना केवळ शिक्षणासाठी अर्धवेळ काम करणारी एक जादा कार्यकर्ती देण्यात आली. कार्तिक मुरलीधरन व सहकाऱ्यांनी केलेल्या या अभ्यासात शिक्षणाचा प्रत्यक्ष वेळ दुपटीने वाढला. दीड वर्षानंतर मुलांची गणित व भाषेतील प्रगती लक्षणीयरीत्या अधिक आढळली. मूळ सेविकेला आरोग्य व पोषणाकडे लक्ष देण्यास वेळ मिळाल्याने कुपोषणही घटले. नवी संस्था न उभारता अस्तित्वात असलेल्या अंगणवाडीत एक माणूस वाढविल्याने हा फरक पडला.

खासगी शाळा आपोआप चांगल्या ठरतात, या समजालाही अभ्यासाचा आधार मिळत नाही. आसाम, राजस्थान व तेलंगणातील सुमारे १४ हजार मुलांचा चार ते आठ वर्षे वयापर्यंत पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अंगणवाडीत शिक्षण अल्प आढळले, तर खासगी शिशुवर्गांत वयाला न पेलणारे पाठांतर व लेखन आढळले. खेळातून शिक्षण दोन्हीकडे दुर्मीळ होते.

नोंदणीच्या बाबतीत मात्र प्रगती स्पष्ट आहे. ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतात पूर्वप्राथमिक संस्थेत जाणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांचे प्रमाण २०१८ मधील ६८.१ टक्क्यांवरून २०२४ मध्ये ७७.४ टक्क्यांवर गेले. पाच वर्षांच्या मुलांत ते ५८.५ वरून ७१.४ टक्के झाले. ही पाहणी ग्रामीण भागापुरती असल्याने फरीदाबादसारख्या शहरांतील वस्त्यांचे चित्र तिच्यात येत नाही.

वादाच्या दोन बाजू

सार्वत्रिक खर्चाच्या विरोधात मुख्यतः तीन मुद्दे मांडले जातात. शुल्क भरू शकणाऱ्या कुटुंबांवर सार्वजनिक पैसा खर्च करण्याऐवजी तो गरीब मुलांवर केंद्रित करावा, हा पहिला. प्राथमिक शाळांतच वाचन-गणिताची पातळी समाधानकारक नसताना नवी जबाबदारी घेऊ नये, हा दुसरा. शासनाने वर्ग सुरू केला की त्याला परीक्षा व पाठ्यपुस्तकांचे वळण लागते आणि तीन वर्षांच्या मुलावर शाळा लादली जाते, हा तिसरा.

समर्थकांचे म्हणणे असे की, पहिलीतील मागासलेपणाचे मूळ पहिलीपूर्वीच्या वर्षांत असते. त्यामुळे दोन टप्प्यांत निवड करण्याचा प्रश्नच चुकीचा आहे. केवळ गरिबांसाठी असलेल्या सेवेला आवाज उठविणारे पालक मिळत नाहीत आणि तिचा दर्जा खालावतो. शिवाय कागदपत्रांअभावी पात्रता सिद्ध न करू शकणारे स्थलांतरित कुटुंब निवडक योजनेतून सर्वप्रथम वगळले जाते. शाळा लादली जाण्याची भीती त्यांनाही मान्य आहे. त्यावर उपाय म्हणून ते २०२२ च्या पायाभूत टप्प्यासाठीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातील खेळाधारित पद्धतीकडे बोट दाखवितात. फ्रान्सने २०१९ पासून तीन वर्षे वयापासूनचे शिक्षण सक्तीचे केले, याचा दाखलाही दिला जातो. तथापि भारतात सक्तीपेक्षा उपलब्धतेची हमी ही मागणी अधिक प्रमाणात पुढे येते.

पुढे काय?

अंगणवाडी महिला व बालविकास मंत्रालयाकडे, शाळा शिक्षण मंत्रालयाकडे आणि कामगारांची पाळणाघरे श्रम विभागाच्या कक्षेत, अशी आजची विभागणी आहे. अंगणवाड्या प्राथमिक शाळांच्या आवारात आणण्याबाबत २०२५ मध्ये दोन्ही मंत्रालयांनी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. यामुळे पहिलीत जाणाऱ्या मुलाची नोंद एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सहज जाऊ शकेल. मात्र शाळा दूर असलेल्या वस्तीत तीन वर्षांच्या मुलाला चालत जाणे शक्य नसते. अंगणवाडी मुलाच्या अंगणात असावी या मूळ कल्पनेशी हा बदल कसा जुळवायचा, हे प्रत्येक शहराला स्थानिक पातळीवर ठरवावे लागेल.

पहिलीचे वय सहा केल्याने शासनाने अप्रत्यक्षपणे एक जबाबदारी स्वीकारली आहे. पाच वर्षांचे जे मूल पूर्वी शासकीय शाळेत विनामूल्य बसत असे, ते आता त्या दाराबाहेर आहे. त्याच आवारात बालवाटिका किंवा शिकविण्यास वेळ असलेली अंगणवाडी नसेल, तर त्या वर्षाचा खर्च पालकांवर पडतो. ज्या पालकांना तो पेलत नाही, त्यांच्या मुलाचे ते वर्ष शिक्षणाविना जाते. २०३० चे उद्दिष्ट गाठायचे असेल, तर कायद्यातील ‘करू शकेल’ हे शब्द बदलण्याचा प्रश्न संसदेपुढे आज ना उद्या येणार आहे. तोपर्यंत हे वर्ष पदरात पडणार की नाही, हे प्रत्येक राज्याच्या अर्थसंकल्पावर आणि मूल कोणत्या वस्तीत राहते यावर अवलंबून राहील.